आईचा जीव घेतलेल्या मेरी लॅम्बला पुन्हा माणसांत कुणी आणलं?

‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ हे पुस्तक म्हटलं की चार्ल्स लॅम्बचं नाव आठवतं. पण त्यातल्या २० पैकी १४ गोष्टी त्याची थोरली बहीण मेरी हिने लिहिल्या होत्या. १८०७ सालच्या पहिल्या आवृत्तीवर तिचं नावच नव्हतं.

त्याच्या ११ वर्षं आधी मेरीच्या हातून आईचा जीव गेला होता.

लंडनमध्ये राहणारी ३१ वर्षांची मेरी शिवणकाम करून घराला हातभार लावायची. आई अंथरुणाला खिळलेली, वडिलांची स्मृती गेलेली. दिवसभर काम आणि रात्री आईची सेवा. २२ सप्टेंबर १७९६ रोजी तिचा तोल गेला. स्वयंपाकाची सुरी घेऊन ती शिकाऊ मुलीच्या मागे धावली आणि मध्ये पडलेल्या आईला तिने भोसकलं. हे कृत्य वेडाच्या भरात झालं, असं चौकशीत ठरलं.

थोरल्या भावाचं मत होतं, तिला कायमचं वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं. २१ वर्षांचा चार्ल्स मात्र अडून बसला. ईस्ट इंडिया कंपनीत तो कारकून होता. काही महिन्यांपूर्वी तो स्वतःही सहा आठवडे अशाच इस्पितळात राहून आला होता. त्याने बहिणीची आयुष्यभराची जबाबदारी घेतली. १७९९ मध्ये वडील गेल्यावर मेरी त्याच्याकडे राहायला आली.

आजार मात्र गेला नाही, पुन्हा पुन्हा उलटत राहिला. शेजारीपाजारी कुजबुज करायचे, त्यापायी घरं बदलावी लागली. झटका येणार हे दोघांना आधीच कळायचं. मग चार्ल्स तिला इस्पितळात पोहोचवायचा आणि बरं वाटलं की घरी आणायचा.

घरी तिच्यासाठी दोन गोष्टी कायम होत्या: काम आणि माणसं. ती लिहायची. कोलरिज, वर्ड्‌स्वर्थ, हॅझलिट यांच्यासारखी मंडळी घरी जमायची, तेव्हा सगळ्यांचं आदरातिथ्य मेरीच करायची. झालेलं ठाऊक असूनही या मित्रांनी तिला कधी दूर लोटलं नाही.

१८३४ मध्ये चार्ल्स गेला. मेरी पुढे १२ वर्षांहून अधिक काळ जगली. १८४७ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी ती गेली. एडमंटनच्या दफनभूमीत दोघं भावंडं एकाच कबरीत आहेत.