टुला

टुला (मृत्यू: ३ ऑक्टोबर १७९५) हे क्युरासाओ या डच अंमलाखालील कॅरिबियन बेटावरील गुलामांच्या उठावाचे नेते होते. बेटाच्या पश्चिम भागातील क्निप या मळ्यावर ते गुलाम म्हणून राबत.

फ्रान्सने १७९४ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली आणि १७९५ च्या प्रारंभी नेदरलँड्स फ्रेंचांच्या वर्चस्वाखाली आले. त्यामुळे क्युरासाओतील गुलामही मुक्त ठरतात, असा टुला यांचा युक्तिवाद होता. १७ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी सुमारे ५० सहकाऱ्यांसह काम करण्यास नकार दिला. लवकरच इतर मळ्यांवरील गुलामही त्यांना येऊन मिळाले. सरकारने कॅथलिक धर्मगुरू याकोबस स्खिंक यांना बोलणी करण्यास पाठवले. परंतु स्वातंत्र्याखेरीज कोणतीही तडजोड टुला यांनी स्वीकारली नाही. सप्टेंबरमध्ये ते पकडले गेले आणि ३ ऑक्टोबर रोजी त्यांना हालहाल करून ठार मारण्यात आले.

उठावानंतर गुलामांना द्यावयाचे अन्न, वस्त्र व विश्रांती यांविषयी नियम झाले; गुलामगिरी मात्र १ जुलै १८६३ पर्यंत टिकली. १७ ऑगस्ट हा दिवस क्युरासाओमध्ये स्वातंत्र्यलढ्याचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. २०२३ मध्ये डच सरकारने टुला यांना अधिकृतपणे दोषमुक्त केले.