सेंट्रल पार्क घडवणाऱ्या माणसाने बॉस्टनच्या घाण पाण्याची बाग कशी केली?

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क हॉलिवूडच्या सिनेमांमुळे आपल्या ओळखीचं झालंय. १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्यासोबत त्याचा आराखडा करणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड पुढे बॉस्टनला गेले. तिथे मूळ प्रश्न बागेचा नव्हताच, मैलापाण्याचा होता.

ओल्मस्टेड यांचा जन्म १८२२ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा. डोळे अधू झाल्यामुळे त्यांचं कॉलेज हुकलं. मग जहाजावर नोकरी करत ते चीनला जाऊन आले, शेती केली, पत्रकार म्हणून दक्षिणेतल्या गुलामगिरीवर लिहिलं. यादवी युद्धात सैनिकांच्या छावण्यांचं आरोग्य पाहणाऱ्या सॅनिटरी कमिशनचा कारभार त्यांच्याकडे होता. अस्वच्छता किती बळी घेते, हे त्यांनी तिथे पाहिलं.

बॉस्टनने बॅक बे ही खाडी बुजवून वस्ती केली होती. उरलेल्या दलदलीत मडी रिव्हर आणि स्टोनी ब्रुक हे दोन प्रवाह सांडपाणी आणून सोडत. ओहोटीला घाण चिखल उघडा पडून दुर्गंधी सुटायची. भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की पाणी तुंबायचं.

१८७८ मध्ये शहराने इथल्या बागेसाठी स्पर्धा घेतली. पण बक्षीस मिळालेला आराखडा बाजूला पडला आणि काम ओल्मस्टेड यांच्याकडे आलं.

त्यांनी शहराच्या इंजिनिअरांना सोबत घेतलं. मैलापाणी वेगळ्या गटारांतून वळवायचं ठरलं. भरतीचं खारं पाणी दारातून मोजकंच आत घ्यायचं, म्हणजे पाणी खेळतं राहील. पुराला पसरायला सखल जागा मोकळी ठेवली. पाण्याची पातळी फार वरखाली होणार नसल्याने दगडी भिंतींची गरज उरली नाही, काठावर खाऱ्या पाण्यात तगणारं गवत लावलं. भोवती पायवाटा आणि घोड्यांसाठी रस्ते. नाव ठेवलं बॅक बे फेन्स. फेन म्हणजे दलदल.

पुढे मडी रिव्हरच्या काठाने बागांची साखळीच तयार झाली. तिला एमराल्ड नेकलेस, म्हणजे पाचूंचा हार म्हणतात.

स्मरणशक्ती ढासळू लागल्यावर १८९५ मध्ये ओल्मस्टेड निवृत्त झाले. १९०३ मध्ये मॅकलीन रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्या रुग्णालयाच्या जागेबद्दल एकेकाळी त्यांनीच सल्ला दिला होता.

१९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं आणि भरतीचं पाणी फेन्सपर्यंत येणं थांबलं. खाऱ्या पाण्यातली झाडं मेली. नंतर मडी रिव्हरचा काही भाग पाइपांत घालून वर पार्किंग केलं. ऑक्टोबर १९९६ च्या पावसात हीच नदी फुगली आणि केनमोर मेट्रो स्टेशन पाण्याखाली गेलं.

त्यानंतर बॉस्टनने बुजवलेलं पात्र खोदून पुन्हा उघडं केलं, माजलेली वेतासारखी गवतं काढली. पाण्याला पसरायला जी जागा ओल्मस्टेड यांनी दिली होती, ती शहराला पुन्हा पैसे मोजून परत करावी लागली.