बाबासाहेब आंबेडकर यांचे वाणिज्य शिक्षणातील कार्य

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजसुधारक आणि राजकीय नेते होते. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र मुंबईत त्यांना मिळालेली पहिली स्थिर नोकरी वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापकाची होती. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्र शिकवले. पुढे काही वर्षे त्यांनी व्यापारी कायद्याचे अध्यापन केले, आणि त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत वाणिज्य महाविद्यालय सुरू केले.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

आंबेडकरांचा जन्म मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. साताऱ्यातील शिक्षणानंतर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी.ए.ची पदवी मिळवली.

१९१३ मध्ये याच संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, अशी शिष्यवृत्तीची अट होती. कोलंबियात सार्वजनिक वित्तव्यवहाराचे अभ्यासक प्रा. एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. प्राचीन भारतातील व्यापार आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था हे त्यांच्या तेथील लेखनाचे विषय होते. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. तथापि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती.

बडोदा आणि सल्लागार व्यवसाय

शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. तेथे कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने कागदपत्रे त्यांच्या टेबलावर दुरून टाकत. शहरात राहण्यास जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. अल्पावधीतच नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

मुंबईत त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि शेअर व रोखे यांच्या व्यवहारासंबंधी सल्ला देणारी एक पेढी सुरू केली. परदेशी विद्यापीठांत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला हा व्यवसाय अनुरूप होता आणि प्रारंभी ग्राहकही मिळाले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले व पेढी बंद पडली. ज्ञान किंवा सचोटी यांत कोणतीही उणीव नसताना केवळ जातीमुळे व्यवसाय बुडाल्याचा हा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता.

सिडनहॅम महाविद्यालय

मुंबईतील सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये स्थापन झाले. ते आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. व्यवसाय व्यवस्थापनाची स्वतंत्र पदवी भारतात त्या काळी अस्तित्वात नव्हती. व्यापार, बँका व कंपन्या यांच्या कारभारासाठी तरुणांना तयार करण्याचे काम वाणिज्य पदवीच करीत असे.

या महाविद्यालयातील राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या जागेसाठी आंबेडकरांनी अर्ज केला. तोपर्यंत इंग्लंडला परतलेल्या लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी त्यांचा परिचय होता व त्यांच्या शिफारशीचा त्यांना उपयोग झाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये दरमहा ४५० रुपये वेतनावर त्यांची तात्पुरती नेमणूक झाली.

अस्पृश्य समाजातील प्राध्यापक काय शिकवणार, अशा शंकेने विद्यार्थ्यांनी प्रथम त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मात्र विषयाची सखोल तयारी आणि स्पष्ट मांडणी यांमुळे ही स्थिती लवकरच पालटली. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी घेऊन येऊ लागले. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र वेगळे चित्र होते. तेथील पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला आंबेडकरांनी स्पर्श करण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. अशा रीतीने वर्गात मान्यता मिळवलेल्या प्राध्यापकाला वर्गाबाहेर अस्पृश्यतेला तोंड द्यावे लागत होते.

अध्यापनकाळातील लेखन

भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे एकत्र करून धारणक्षेत्र वाढवले की शेती किफायतशीर होईल, असे तेव्हा अनेक अभ्यासक मानत. आंबेडकरांनी हा विचार अपुरा ठरवला. त्यांच्या मते धारणक्षेत्र लहान की मोठे, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. शेतकऱ्यापाशी असलेले भांडवल, अवजारे, जनावरे व श्रम यांच्याशी जमिनीचे प्रमाण जुळते की नाही, यावर ते ठरते. भांडवल तुटपुंजे असेल, तर मोठी जमीनही तोट्याची ठरू शकते. शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त मनुष्यबळाला अन्यत्र काम मिळाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, म्हणून औद्योगिकीकरण हाच त्यावरचा मुख्य उपाय होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उत्पादनाच्या घटकांचे योग्य प्रमाण राखणे हे उद्योगाच्या व्यवस्थापनातील सूत्र त्यांनी येथे शेतीला लावलेले दिसते.

याच काळात त्यांचे सार्वजनिक कार्यही आकार घेत होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकाराच्या प्रश्नावर साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचे ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. आंबेडकर त्या वेळी सरकारी महाविद्यालयात नोकरीस असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव देण्यात आले. पत्राला छत्रपती शाहू महाराजांचे आर्थिक साहाय्य मिळाले होते.

लंडनमधील उच्च शिक्षण

लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करणे, हा सिडनहॅममधील नोकरी स्वीकारण्यामागील एक प्रमुख हेतू होता. पत्नी रमाबाई यांनी काटकसरीने संसार चालवल्यामुळे वेतनातील काही रक्कम शिल्लक टाकता आली. मार्च १९२० मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांच्या बळावर ते त्याच वर्षी लंडनला गेले.

१९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवली, १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.चा प्रबंध ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रकाशित झाला व त्यावर कोलंबिया विद्यापीठाने १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. प्रदान केली.

व्यापारी कायद्याचे अध्यापन

मुंबईला परतल्यावर आंबेडकरांनी वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार सहजासहजी येत नसल्याने त्यांना पूरक उत्पन्नाची गरज होती. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाकर्म प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. करार, भागीदारी, कंपन्या यांसारख्या विषयांचे ज्ञान हिशेबनीस व लेखापरीक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना आवश्यक असे.

डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी भारतीय चलन व वित्तव्यवस्थेविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाचे मूल्य घसरल्याने होणारा निर्यातदार व उद्योजकांचा लाभ हा संपूर्ण देशाचा लाभ नसतो, कारण महागाईचा भार वेतनावर जगणाऱ्यांवर पडतो, याकडे त्यांनी त्या काळातील लेखनात लक्ष वेधले. १९२८ पासून ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापक होते आणि १९३५ ते १९३८ या काळात तेथील प्राचार्य होते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या प्रश्नांबरोबरच उच्च शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी संस्थेचे सिद्धार्थ कला व विज्ञान महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत. त्यामुळे दिवसा नोकरी करून कुटुंब चालवणाऱ्या तरुणांना पदवीचे शिक्षण घेणे शक्य झाले. संस्था सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती.

१९५० मध्ये औरंगाबाद येथे संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय स्थापन झाले. फोर्ट परिसरातील आनंद भवन या इमारतीत ते चालते. शेअर सल्ल्याची पेढी बंद कराव्या लागलेल्या आंबेडकरांच्या हयातीतच, त्यांच्या संस्थेने बँका, कंपन्या व सरकारी कचेऱ्यांत शिरकाव नसलेल्या समाजघटकांसाठी वाणिज्य पदवीचा मार्ग खुला केला. १९५६ मध्ये संस्थेने विधी महाविद्यालयही सुरू केले. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी आंबेडकरांचे दिल्ली येथे निधन झाले.

वारसा

आंबेडकरांचे प्रमुख अर्थशास्त्रीय ग्रंथ महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या इंग्रजी लेखनसंग्रहाच्या सहाव्या खंडात एकत्र उपलब्ध आहेत. लहान शेतजमिनींवरील निबंध पहिल्या, तर प्राचीन भारतीय व्यापारावरील लेखन बाराव्या खंडात आहे. सिडनहॅम आणि सिद्धार्थ ही दोन्ही महाविद्यालये मुंबईत आजही कार्यरत आहेत. त्यांपैकी एकात आंबेडकरांनी वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवले, तर दुसरे त्यांच्या संस्थेने उभारले. या दोन घटनांमध्ये ३५ वर्षांचे अंतर आहे.