विश्लेषण : पनामा कालव्याआधी अंगणातले पाणी! डासांशी लढणारे डॉ. गॉर्गस कोण होते?

पावसाळा सुरू झाला की सोसायटीत धूरफवारणी होते आणि सगळे निश्चिंत होतात. पण धुराने मरतात ते उडणारे डास. कुंडीखालच्या थाळीतल्या अळ्या तशाच राहतात. हा फरक ओळखून दोन शहरे पीतज्वरातून मुक्त करणारे अमेरिकी लष्करी डॉक्टर म्हणजे विल्यम गॉर्गस.

डॉक्टर कसे झाले?

जन्म १८५४, अलाबामा. वडील लष्करी अधिकारी. गॉर्गस यांनाही सैनिकच व्हायचे होते, पण वेस्ट पॉइंटमध्ये प्रवेश मिळाला नाही. मग वैद्यकीच्या वाटेने ते १८८० मध्ये लष्करात आले. टेक्सासमध्ये त्यांना पीतज्वर झाला. ते वाचले आणि त्या रोगापासून कायमचे सुरक्षित झाले. त्यामुळे पुढे साथीच्या ठिकाणी त्यांनाच पाठवले जाई.

हवानात काय केले?

१८९८ मध्ये क्युबातील हवाना शहराचे आरोग्य त्यांच्याकडे आले. घाण हेच रोगाचे कारण मानून त्यांनी रस्ते स्वच्छ केले. तरी १९०० मध्ये पीतज्वर वाढला. हा रोग डास पसरवतो, असे क्युबाचे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. वॉल्टर रीड यांच्या पथकाने १९०० मध्ये ते सिद्ध केले. आधी साशंक असलेल्या गॉर्गस यांनी मग दिशाच बदलली.

१९०१ मध्ये त्यांचे निरीक्षक घरोघरी, परसात जाऊ लागले. पिंपांवर झाकणे, साचलेल्या पाण्यावर रॉकेल, रुग्णाभोवती जाळी, घरात धुरी आणि अळ्या सापडल्या तर दंड. काही महिन्यांत हवानातून पीतज्वर गेला.

पनामात विरोध का झाला?

कालवा खोदताना फ्रेंचांची सुमारे २० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्यांच्या रुग्णालयात मुंग्या येऊ नयेत म्हणून झाडांभोवती पाण्याच्या थाळ्या ठेवत. त्याच थाळ्यांत डास वाढत होते!

गॉर्गस १९०४ मध्ये तिथे पोहोचले. वरिष्ठांना डासांमागे पैसा घालवणे वेडेपणा वाटे. १९०५ मध्ये साथ आली, कामगार पळू लागले. गॉर्गस यांना हटवण्याचा प्रयत्न झाला, पण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पाठीशी उभे राहिले. नवे मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी माणसे आणि साहित्य दिले. पनामा शहरात नळ आले, म्हणून पिंपे भरून ठेवण्याची गरज संपली. वर्षअखेरीस शहरातून पीतज्वर गेला.

मलेरिया मात्र पूर्ण संपला नाही. वस्तीपासून २०० यार्डांपर्यंतची डबकी बुजवली, गवत एक फुटाच्या आत ठेवले. मलेरियाने रुग्णालयात जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण डिसेंबर १९०५ मधील ९.६ टक्क्यांवरून १९०९ मध्ये १.६ टक्क्यांवर आले.

कालवा १९१४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी गॉर्गस लष्कराचे सर्जन जनरल झाले. १९२० मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्यासाठी काय?

पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डासच आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलेत, तर फवारणीचा दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : कुंड्या, टाक्या, गच्चीवरचे पाणी तपासणार का?