विनोबांची आई रुक्मिणीबाई

भूदानासाठी देशभर पायी हिंडलेल्या विनोबांना सगळे ओळखतात. त्यांच्या मातोश्रींचे नाव रुक्मिणी, आणि आपणां वारकऱ्यांना ते नाव परके कसे वाटेल? तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले पेणजवळचे गागोदे हे त्यांचे सासर. तेथेच ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. पुढे यजमान नरहरपंत बडोद्यास नोकरीला गेले, तेव्हा बिऱ्हाड तिकडे नेले.

माउली फारशी शिकलेली नव्हती. घरातली सगळी कामं उरकली की देवापुढे बसायची, पूजा करायची आणि शेवटी कान धरून चुकांची क्षमा मागताना तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायचं. लहानग्या विन्यावर ठसा उमटला तो त्या अश्रूंचा.

एकदा तिने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा नेम धरला. रोज एकेक दाणा मोजून वाही. नरहरपंत पडले हिशेबी. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नये म्हणून अर्धा तोळा जास्त घालावा. बिचारीला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. तो म्हणाला, हे काही गणित नव्हे, प्रत्येक दाण्यासरशी देवाचे नाम निघते ते तोळ्याने कसे मोजणार? तिला केवढा आनंद झाला! (जपाची माळ ओढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.)

घरी एक गरीब विद्यार्थी राहत असे. शिळी भाकरी उरली तर माउली ती स्वतः खाई किंवा विन्याला वाढी. त्या मुलाला मात्र नेहमी ताजी, गरम. विन्याने तिला टोकले, की समभाव शिकवतेस आणि स्वतः भेद करतेस. तिने तो मुकाट्याने कबूल केला. पाहुण्याच्या मुलात मला देव दिसतो, तुझ्यात अजून मुलगाच दिसतो. तुझ्यातही देव दिसेल तेव्हा भेद जाईल, असे तिचे सांगणे. पुढे १९५८ साली विनोबा अन्य धर्मीयांना बरोबर घेऊन पंढरपुरी विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. त्याचं मूळ या भाकरीत आहे, असं मला तरी वाटतं.

बडोद्यात गीतेवर प्रवचने चालत. ती ऐकायला गेली, पण संस्कृत कळेना. तिने मराठी गीता मागितली. विन्याने गद्य आणून दिली, तर तिला पद्य हवे. वामन पंडितांची समश्लोकी आणली, तीही कठीण. तेव्हा ती सहज म्हणाली, की तूच का नाही सोपी करून देत? आपला मुलगा हे करील, असा तिचा भरवसा.

१९१६ साली मुलाने घर सोडले आणि तो गांधीजींच्या आश्रमात गेला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ती आजारी पडली, तसे गांधीजींनी त्याला घरी धाडले. २४ ऑक्टोबरला ती गेली. अंत्यविधी भटजींकडून नको, आपण स्वतः करू, हा विनोबांचा हट्ट घरच्यांना पटला नाही. ते स्मशानात गेलेच नाहीत. स्नान करून वेद वाचत बसले. लोकांना ते कठोर वाटले असेल. पण निघताना त्यांनी आईची एक साडी आणि पूजेतली अन्नपूर्णा बरोबर घेतली. साडी ते उशाला घेत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर, ती खादीची नव्हती म्हणून, त्यांनी ती साबरमतीत सोडली.

आईचे मागणे मात्र राहिले होते. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीतेचे मराठी श्लोक रचायला घेतले, ६ फेब्रुवारी १९३१ रोजी काम पुरे झाले. नाव ठेवले गीताई. माउलीला जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती. ऐकायला ती नव्हती, म्हणून विनोबांनी ते श्लोक वर्ध्याच्या आश्रमातल्या मुलींना शिकवून पाहिले आणि त्यांना जिथे अडले तिथे शब्द बदलले.