राणी केतेवान : अस्थींनी दिलेली साक्ष

जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिचे आयुष्य काकेशसच्या डोंगराळ मुलुखात घडले, अखेर इराणमध्ये झाली आणि अस्थींना आसरा मिळाला तो गोव्यात. पती डेव्हिड १६०२ मध्ये निवर्तला. १६०५ मध्ये दीर कॉन्स्टंटाईन याने पिता व भाऊ यांची हत्या करून गादी बळकावली. केतेवानने सरदारांना एकत्र करून त्याचा पाडाव केला आणि पुत्र तैमुराझ याला राज्यावर बसविले. शाह अब्बासचे आक्रमण टळावे म्हणून १६१४ मध्ये ती स्वतः ओलीस गेली. शिराझच्या दीर्घ कैदेनंतर, धर्मांतरास नकार दिल्यामुळे २२ सप्टेंबर १६२४ रोजी तिचा छळ करून वध करण्यात आला.

रायगड किनाऱ्यावरील चौल-रेवदंड्यातही मठ असलेल्या ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी तिच्या काही अस्थी १६२७ मध्ये जुन्या गोव्यातील मठात आणल्या. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले. जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केलेल्या उत्खननात २००४ मध्ये हाताचे हाड सापडले. पण ते राणीचेच कशावरून?

हा प्रश्न हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेकडे गेला. मायटोकाँड्रियातील डीएनए फक्त आईकडून अपत्याकडे येतो आणि प्रत्येक पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने जुन्या हाडांतही तो टिकून राहू शकतो. मात्र हाताळणाऱ्याच्या त्वचेचा कणही निष्कर्ष बिघडवू शकतो. नमुन्यांची सरमिसळ झाल्यास एकाच क्रमात दोन दूरच्या मातृवंशांच्या खुणा उमटतात. म्हणूनच मिळालेला क्रम मानवी मातृवंशाच्या वृक्षाशी ताडून पाहणे न्यायवैद्यक तपासणीत अत्यावश्यक ठरते.

या हाडात 'यू१बी' हा मातृवंश आढळला. भारतीय उपखंडातील २२ हजारांहून अधिक नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जियातील ३० पैकी दोघांत होता. सोबतच्या अन्य दोन अस्थींचे वंश मात्र भारतात आढळणारे निघाले. मातृवंश म्हणजे व्यक्तीची ओळख नव्हे. त्यामुळे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात संशोधकांनी हे हाड बहुधा राणीचे असल्याचेच म्हटले.

जुलै २०२१ मध्ये या अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाला सुपूर्द केला. राज्यासाठी ओलीस गेलेली राणी जवळपास चार शतकांनी मायदेशी परतली.