काळ्या चष्म्याआडचे जी. ए.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे पूर्ण नाव वाचकांना क्वचितच आठवते; मनावर ठसली आहेत ती ‘जी. ए.’ ही दोन अक्षरे. १९२३ साली बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे जन्मलेल्या या कथाकाराने धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविले, सभा-संमेलने टाळली, छायाचित्रातही काळा चष्मा उतरविला नाही. ‘काजळमाया’ला १९७३ साली मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठताच त्यांनी परत केला. हा माणूसघाणेपणा मात्र नव्हे! सुहृदांना ते पानेच्या पाने पत्रे लिहीत. १९८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे तीच पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वाचताना आनंद होतो. पण न विचारता कुणाच्या घरात डोकावल्याचा संकोचही वाटतो.